यंत्र-अध्ययन

यंत्र-अध्ययन : उदाहरणांवरून नियम शोधून काढण्याची व अनुभवाबरोबर आपल्या कार्यात सुधारणा करण्याची क्षमता संगणकास प्राप्त करून देणाऱ्या पद्धतींचा समूह. सामान्य आज्ञावलीत प्रत्येक कृतीचा नियम माणूस अगोदर लिहून देतो. यंत्र-अध्ययनात माणूस उदाहरणे व उद्दिष्ट पुरवितो आणि नियमातील गुणांक संगणक स्वतः ठरवितो. हस्ताक्षर वाचणे, बोलणे ओळखणे, उपग्रहाच्या प्रतिमेतून पीक ओळखणे यांसारख्या ज्या कामांचे नियम शब्दांत मांडणे अवघड असते, त्यांसाठी ही पद्धत उपयुक्त ठरते. परिस्थितीनुसार स्वतःत बदल करणाऱ्या, म्हणजेच अनुयोजी, संगणकीय प्रणालींचा ती पाया होय.

इतिहास : या विषयाची मुळे सांख्यिकीत आहेत. प्र. चं. महालनोबीस यांनी १९३६ मध्ये मांडलेले, दोन समूहांतील सांख्यिकीय अंतराचे माप वर्गीकरणासाठी आजही वापरले जाते. फ्रँक रोझेनब्लाट यांनी १९५८ मध्ये तंत्रिकापेशीच्या धर्तीवर ‘पर्सेप्ट्रॉन’ ही रचना मांडली. आर्थर सॅम्युएल यांनी १९५९ मध्ये, अनुभवाने आपला खेळ सुधारणारी ‘चेकर्स’ या पटावरील खेळाची आज्ञावली वर्णिली. पर्सेप्ट्रॉनच्या मर्यादा मिन्स्की व पेपर्ट यांनी १९६९ मध्ये दाखविल्यानंतर हे संशोधन मंदावले. उत्तरातील चूक थराथरांतून मागे नेऊन गुणांक सुधारण्याच्या रीतीमुळे १९८६ पासून त्यास पुन्हा चालना मिळाली. २०१२ मध्ये बहुस्तरीय तंत्रिका-जालांनी प्रतिमा ओळखण्यात मोठी आघाडी घेतली.

पद्धती : मुख्य पद्धती तीन आहेत. (१) पर्यवेक्षित अध्ययनात प्रत्येक उदाहरणासोबत त्याचे बरोबर उत्तर दिलेले असते. (२) अपर्यवेक्षित अध्ययनात उत्तरे नसतात. संगणक केवळ साम्यावरून गट पाडतो. (३) प्रबलन-अध्ययनात प्रत्येक कृतीनंतर मिळणाऱ्या फळावरून पुढील कृती सुधारली जाते.

पीक ओळखण्याचे उदाहरण : सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हा तालुका रब्बी ज्वारीसाठी प्रसिद्ध असून तेथील ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. खोल काळ्या जमिनीत साठलेल्या ओलाव्यावर हे पीक वाढते. त्याची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये व काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि निकट अवरक्त प्रारण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोहोंचे प्रमाण हंगामभर मोजल्यास प्रत्येक पिकाच्या वाढीचा आलेख मिळतो. कोणत्या शेतात ज्वारी, कोठे हरभरा व कोठे करडई आहे हे प्रत्यक्ष पाहून नोंदविले आणि ते आलेख संगणकास दिले, तर न पाहिलेल्या शेतातील पीकही तो ओळखू शकतो. मात्र सेंटिनेल-२ या यूरोपीय उपग्रहांच्या प्रतिमेतील लहानात लहान चौकट १० मी. × १० मी., म्हणजे सुमारे एका गुंठ्याची असते. ज्वारीत करडईच्या ओळी असल्यास एकाच चौकटीत दोन्ही पिकांचे परावर्तन मिसळते व निर्णय संदिग्ध होतो.

परीक्षण : शिकविताना वापरलेल्या उदाहरणांवर मिळालेले यश हे खरे यश नव्हे. संगणक उदाहरणांतील योगायोगही नियम म्हणून उचलतो. यास अतिजुळणी म्हणतात. यासाठी काही उदाहरणे बाजूस ठेवून त्यांवर परीक्षा घेतात. शेजारशेजारची शेते सारखीच असल्याने ही परीक्षा दुसऱ्या गावातील व दुसऱ्या वर्षाच्या नोंदींवर घेणे इष्ट असते. केवळ चांगल्या पावसाच्या वर्षांवर शिकविलेली प्रणाली अवर्षणाच्या वर्षी, म्हणजे जेव्हा तिची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच, चुकण्याचा संभव असतो.

महत्त्व व मर्यादा : प्रधानमंत्री पीक विमा योजनेत (२०१६) सरासरी उत्पन्न ठरलेल्या उंबरठ्याखाली गेल्यास त्या क्षेत्रातील विमाधारकांना भरपाई मिळते. हे उत्पन्न पीक कापणी प्रयोगांवरून काढतात. यादृच्छिक नमुन्याने निवडलेल्या शेतातील ठराविक मापाच्या तुकड्याची कापणी करून धान्य तोलण्याची ही रीत देशात रूढ करण्यात पां. वा. सुखात्मे (१९११–९७) यांचा मोठा वाटा आहे. २०२३ च्या खरिपापासून भात व गहू यांच्या उत्पन्नाच्या अंदाजात तंत्रज्ञानाधारित आकड्याला किमान ३० टक्के भार देण्यात आला. त्यामुळे प्रणालीची चूक ही केवळ गणिती चूक राहत नाही; तिचा परिणाम शेतकऱ्याच्या भरपाईवर होतो. भात-गव्हावर शिकलेली प्रणाली कोरडवाहू ज्वारीला जशीच्या तशी लागू पडत नाही. त्या पिकाच्या, त्या जमिनीच्या आणि दुष्काळी वर्षांच्याही नोंदी तिला पुरवाव्या लागतात.

उपग्रहाच्या प्रतिमा विपुल असल्या, तरी प्रत्येक प्रतिमेचे बरोबर उत्तर शेताच्या बांधावरच मिळते. तेथील नोंद घाईने वा अंदाजाने केलेली असेल, तर संगणक तीच चूक इमानाने शिकतो आणि हजारो शेतांना लावतो. म्हणून यंत्र-अध्ययनामुळे प्रत्यक्ष मोजणीची गरज संपत नाही. उलट, कमी ठिकाणी केलेली मोजणी अधिक काटेकोर असणे आवश्यक होते. संदिग्ध निर्णय वेगळे काढून त्यांची जागेवर तपासणी करणे आणि निर्णयाचे कारण संबंधितास समजेल अशा रीतीने नोंदविणे, हे अशा प्रणालीच्या न्याय्य उपयोगाचे आवश्यक अंग होय.