सावलीतही फुलतं, पण कोणती सावली?

‘आमच्याकडे ऊनच येत नाही, मग फुलझाडं कसली लावणार?’ तळमजल्यावर राहणारे आणि आंब्या-फणसाखाली अंगण असणारे हमखास असं म्हणतात आणि शोभेच्या पानांवर समाधान मानतात. पुण्यात आमच्या इमारतीच्या उत्तरेला एक अरुंद पट्टा आहे. तिथं लावलेला मोगरा नुसता लांबत गेला, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बसला, तेव्हा मीही सावलीलाच दोष दिला होता. चूक निवडीची होती. मोगरा, जास्वंद, बोगनवेल आणि कण्हेर ही उन्हाचीच झाडं. सावलीत ती जगतात, पण फुलत नाहीत.

सावली वर्षभर सारखीच असते, हा समज आधी मोडायला हवा. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे ४८ अंशांवरच राहतो, म्हणून १० मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला सुमारे ९ मीटर पसरते. मेच्या मध्याला मात्र शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे थंडीत ज्या कोपऱ्याला ऊन दिसत नाही, त्याच कोपऱ्यात मे महिन्यात ते थेट डोक्यावर येतं. ‘सावलीचं झाड’ म्हणून आणलेल्या रोपाची पानं ऐन उन्हाळ्यात करपतात ती यामुळेच. तेवढे आठवडे वर हिरवी जाळी बांधली तर झाड वाचतं.

सावलीची जात ओळखायची सोपी रीत आहे. दुपारी जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर हातभर उंचीवर पंजा धरा. बोटं स्पष्ट उमटली तर उजेड भरपूर आहे. नुसता धूसर डाग दिसला तर ती मध्यम सावली. काहीच उमटलं नाही तर सावली दाट आहे, आणि तिथं फुलांची आशा धरू नये. आपल्या कामाची ती धूसर डागाची जागा, त्यातही सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळत असेल तर उत्तमच.

अशा जागी बारमाही हिरवी राहून फुलणारी झुडपं आपल्याकडे कमी नाहीत. तगर आहे, अनंत आहे, कुंती आहे. संध्याकाळी उमलणारा, पिकल्या कवठासारखा वास येणारा कवठी चाफा आहे. जास्वंदीची हौस असेल तर मिरची जास्वंद लावावी, ती कमी उन्हातही फुलते. सह्याद्रीच्या झाडोऱ्यात मोठ्या झाडांखाली वाढणारी दशमुळी मला फार आवडते. तिची निळी फुलं वाळताना तांबूस होतात. सावलीत वाढणं हा तिचा स्वभावच आहे, तरी बागांमधून ती क्वचितच दिसते याचं वाईट वाटतं.

पण माझा जीव अबोलीवर. तुरा संपला की तो खुडावा, म्हणजे नवे तुरे धरतात. एखादा मुद्दाम झाडावर वाळू द्यावा. त्या वाळक्या तुऱ्यावर पाणी शिंपडलं की क्षणभर काही होत नाही, मग बोंडं तट्‌तट् फुटतात आणि बिया हातभर लांब उडतात. पावसाळ्यात कुंडीपासून दूर फरशीच्या फटीत अबोलीची रोपं उगवलेली दिसतात ती अशी.

आता कात्रीबद्दल. ‘छाटणी केली की फूल येतं’ हे सरसकट खरं नाही. एक्झोराचे गुच्छ फांदीच्या टोकाला येतात. कुंतीही टोकाकडेच फुलते, पावसाची चांगली सर झाली की काही दिवसांत पांढरीशुभ्र होते. सोसायट्यांमध्ये कुंतीचं कुंपण दर महिन्याला चौकोनी कापलं जातं, कळ्या धरण्याआधीच टोकं उडतात, आणि मग ‘इथं सावली आहे म्हणून फुलत नाही’ असं म्हटलं जातं. तेच कुंपण चार महिने न कापता ठेवून पाहा. छाटायचंच असेल तर बहर संपल्या संपल्या छाटावं.

सावलीत पाणी कमी लागतं, हे इमारतीच्या आडोशाला खरं आहे. तिथं रोज पाणी घातलं तर मुळं कुजतात. आंब्याखाली मात्र उलटं असतं, कारण तिथली ओल आंब्याची मुळंच ओढून घेतात. बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं आणि मगच पाणी द्यावं. झाडाखाली खड्डे खणून आंब्याची मुळं तोडण्यापेक्षा मोठ्या कुंड्या ठेवलेल्या बऱ्या.

‘सदाहरित म्हणजे पान गळतच नाही’ असं समजून पुष्कळ जण घाबरतात. जुनी, आतली पानं थोडी थोडी पिवळी होऊन गळणारच. काळजी करायची ती नवी पालवी पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर. अनंताला हे वारंवार होतं. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत तो सुखानं वाढतो, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत त्याला लोह शोषता येत नाही. तिथं शेणखत वाढवून भागत नाही. तो कुंडीत, पानांच्या कुजलेल्या खतात लावावा आणि चिलेटेड लोह द्यावं.

आणि साप. सुवासिक फुलांना साप येतात, या भीतीनं कित्येक अंगणांतून रातराणी उपटली गेली. साप येतो तो उंदीर-बेडकांच्या मागावर आणि लपायला थंड जागा शोधत. झुडपांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून वीतभर वर काढा, बुडाशी विटा-फरश्यांचा ढीग ठेवू नका, खरकटं टाकू नका. फुलं राहू द्या.