सिएनाच्या नऊ कारभाऱ्यांची भिंत

फ्लोरेन्सला मुक्काम ठोकायचा आणि सिएना उभ्या उभ्या पाहून परतायचं, असा पर्यटकांचा शिरस्ता. सिएनावर हा अन्याय आहे. या शहरात चित्रकला देवळात होती, तशी थेट कारभाराच्या दालनातही होती.

1287 ते 1355 या काळात सिएनाचा कारभार नऊ जणांचं मंडळ पाहत असे. त्यात भरणा व्यापारी आणि सावकारांचा. सरदार घराण्यांना मज्जाव. मुदत जेमतेम दोन महिन्यांची आणि तेवढे दिवस राहायचं नगरभवनातच. ‘पियाझ्झा देल काम्पो’ या शिंपल्यासारख्या उतरत्या चौकाच्या तळाशी ते भवन आजही उभं आहे. चौकातल्या विटांच्या फरसबंदीचे नऊ भाग या नऊ जणांचीच आठवण सांगतात, असं मानलं जातं.

या मंडळाने आपल्याच बैठकीच्या दालनात भिंतीवर काय रंगवून घेतलं? संतांच्या कथा नव्हे, लढायाही नव्हेत. 1338-39 मध्ये अंब्रोजो लोरेन्झेत्तीने तिथे चांगला आणि वाईट राज्यकारभार समोरासमोर उभा केला.

चांगल्या कारभाराच्या शहरात गवंडी इमारतीवर काम करताहेत, चांभाराचं दुकान उघडं आहे, गुरुजी मुलांना शिकवताहेत, रस्त्यात फेर धरून नाच चाललाय. वेशीबाहेर शेतकरी मळणी करताहेत. एक जण पांढऱ्या पट्ट्याचं काळं डुक्कर शहराकडे हाकत आणतोय. ही जात टस्कनीत आजही पाळली जाते.

खरी करामत मात्र शेजारच्या रूपकचित्रात आहे. न्यायदेवतेच्या तराजूच्या दोन पारड्यांतून दोन दोऱ्या निघतात. खाली बसलेली एकोप्याची देवता त्यांना पीळ घालते. तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, उंचसखल सारखं करणारा. तिथून तो दोर चोवीस नागरिकांच्या हातातून जातो आणि नगरराज्याचं प्रतीक असलेल्या वृद्ध राजपुरुषापर्यंत पोहोचतो. नागरिकांनी दोर आपणहून धरलाय. बांधलेले आहेत ते पलीकडचे कैदी. राज्य कशावर उभं असतं, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी चित्रं जगात थोडी.

समोरच्या भिंतीवर शिंगं आणि सुळे असलेली जुलूमशाही बसली आहे. तिच्या पायाशी न्यायदेवता जखडलेली, आणि त्या शहरात धंदा तेजीत आहे तो फक्त शस्त्रं घडवणाऱ्याचा.

1339 मध्येच सिएनाने आणखी एक धाडसी बेत आखला. असलेलं कॅथेड्रल आडवा भाग म्हणून ठेवून त्याला प्रचंड नवं सभागृह जोडायचं होतं. काम सुरूही झालं. पण 1348 मध्ये प्लेग आला, निम्मं शहर दगावलं असावं. लोरेन्झेत्तीही बहुधा त्यातच गेला. पुढे बांधकामातले दोषही उघडे पडले आणि बेत सोडून द्यावा लागला. त्या अपुऱ्या वास्तूच्या एका बाजूच्या भागात आता संग्रहालय आहे. चित्रकार दुच्चोची ‘माएस्ता’ तिथेच आहे. 1311 मध्ये हे वेदीचित्र मिरवणुकीने कॅथेड्रलमध्ये नेलं, तेव्हा दुकानं बंद ठेवली होती. 1771 मध्ये ते करवतीने कापलं गेलं, म्हणून त्याचे काही तुकडे आज लंडन, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनमध्ये शोधावे लागतात.

लोरेन्झेत्तीची चित्रं भिंतीवरच असल्याने ती कुणाला उचलून नेता आली नाहीत. दालन आता नगरसंग्रहालयाचा भाग आहे, आणि त्याच इमारतीत सिएनाच्या पालिकेचं काम आजही चालतं.