मिनिटांचे तीन रकाने

जागतिक आरोग्य संघटनेच्या शारीरिक हालचालींच्या प्रश्नावलीत सोळा प्रश्न आहेत. कामधंदा, जाणं-येणं, फावल्या वेळेतला व्यायाम आणि बैठक अशी त्यांची विभागणी. कागदावर पाच-दहा मिनिटांचं काम. पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ओसरीवर बसून ती भरायला घेतली की सकाळ निघून जाते.

कारण उत्तरं मिनिटांत येत नाहीत. "मावशी, किती वेळ खुरपता?" "ऊन डोक्यावर येईस्तोवर." मग सकाळची एसटी गेली होती का, पोरं शाळेतून आली होती का, असं विचारत विचारत मिनिटं काढायची. नेहमीच्या आठवड्याबद्दल सांगा, असंही प्रश्नावली म्हणते. कांदा काढणीचा आठवडा नेहमीचा धरायचा, की उन्हाळ्यातला रिकामा? "व्यायाम करता का?" यावर मावशींनी नुसतं रानाकडे बोट दाखवलं. त्या रकान्यात मी शून्य लिहिलं.

सांगण्यावर भिस्त नको म्हणून कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधतात. काडेपेटीएवढी डबी, इलॅस्टिकचा पट्टा. आठवडाभर वापरायची, अंघोळीला काढायची. दिवसाला निदान दहा तास आणि असे निदान चार दिवस भरले, तरच माहिती सहसा ग्राह्य धरतात. पण खुरपताना बाई उकिडवी बसलेली असते, हात चालतात आणि कंबर जागच्या जागी. लॅपटॉपवर तो सगळा वेळ जवळजवळ सपाट रेघ होऊन येतो, म्हणजे यंत्राच्या लेखी बाई बसून होती. डोक्यावरच्या भाऱ्याचं वजनही त्याला कळत नाही, फक्त पावलं कळतात.

हालचाल आणि आरोग्य या विषयाची सुरुवातच मुळात कष्टाच्या कामातून झाली. 1953 मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि वाहक यांची तुलना 'लॅन्सेट'मध्ये मांडली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. तेव्हापासून हालचाल म्हणजे आरोग्य हे समीकरण पक्कं झालं. पण केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यातून 2003 मध्ये डॉ. शोभा राव आदींनी दाखवलं, की शेतातलं आणि घरातलं काम जास्त करणाऱ्या बायकांची बाळं सरासरीनं लहान होती.

प्रश्नावलीचा हिशेब मात्र हालचाली-हालचालींतला हा फरक पुसून टाकतो. मध्यम श्रमाच्या प्रत्येक मिनिटाला चारनं गुणायचं, जोरकस श्रमाच्या मिनिटाला आठनं. आठवड्याची बेरीज सहाशेवर गेली की माणूस 'पुरेसा सक्रिय'. मग ती मिनिटं टेकडीवर फिरण्याची असोत की उसाच्या मोळ्या वाहण्याची. 2022 मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेसे सक्रिय नव्हते, असा अंदाज गाजला. उरलेल्या निम्म्यांपैकी किती जण हौसेनं हलतात आणि किती जण पोटासाठी, हे त्या आकड्यात दिसत नाही.

म्हणून माझ्या प्रबंधात एकूण बेरीज एकटी छापायची नाही, असं ठरवलंय. शेजारी काम, जाणं-येणं आणि फावला वेळ असे तीन रकाने येतील. पहिला रकाना ओसंडून वाहतोय आणि तिसऱ्यात शून्य आहे, अशा बाईला 'रोज अर्धा तास चाला' सांगणं हा सल्लाच चुकीच्या दारी गेलेला असतो. तिला काय हवंय, हे ठरवायला आधी ती तक्त्यात वेगळी दिसायला हवी.