नाव खडकीत, थडगं देवळालीत

पुण्यात होळकर पुलापासून जवळच, मुळेच्या अंगाला, खडकीची युद्ध दफनभूमी आहे. बाहेर छावणीच्या रस्त्यावरची वर्दळ, आत हिरवळ आणि ओळीने मांडलेली थडगी. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांना इथे कायमची जागा मिळाली. पश्चिम आणि मध्य भारतातल्या छावण्यांत, इस्पितळांत ही माणसं दगावली, तिथेच पुरली गेली. पण तिथली थडगी पुढे कोण सांभाळणार, याची शाश्वती नव्हती. म्हणून ती एकत्र करून खडकीला आणली. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोग त्यांची देखभाल करतो.

पाहायला येणारे बहुतेक जण ही थडगी पाहतात आणि परततात. थांबावं असं खरं ठिकाण याच आवारातलं पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. त्याच्या दगडी बाजूंवर 1,800 हून अधिक नावं कोरलेली आहेत. ही माणसं भारतात मेली, भारतात आणि आजच्या पाकिस्तानात वेगवेगळ्या गावी पुरली गेली, आणि त्यांची थडगी नीट राखणं पुढे अशक्य झालं. म्हणून नावं खडकीला आली. त्यांतल्या 629 जणांचे तेवढे अवशेषही आले. ते आधी मुंबईत शिवडीच्या दफनभूमीत होते, आणि मार्च 1962 मध्ये तिथून काढून खडकीला पुन्हा पुरण्यात आले. बाकीचे जिथे होते तिथेच आहेत. कोणी देवळालीला, कोणी पुण्यातल्याच दुसऱ्या एखाद्या जुन्या दफनभूमीत, कोणी दूरच्या छावणीत. दगडावर पलटण आहे, हुद्दा आहे, नाव आहे. माणूस कुठे आहे, ते दगड सांगत नाही.

हे कोण होते? 1914 च्या ऑक्टोबरात इंग्लंडने भारतातल्या आपल्या कसलेल्या पलटणी युरोपच्या आघाडीवर नेण्यासाठी काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी टेरिटोरियल, म्हणजे हौशी भरतीच्या पलटणी इथे पाठवल्या. डेव्हन, सॉमरसेट, हॅम्पशायर, विल्टशायर अशा परगण्यांतली ती मुलं होती. कालपर्यंत दुकानात, शेतावर, कचेरीत काम करणारी. त्यांच्यातले कित्येक लढाईत मेले नाहीत. पटकी, विषमज्वर, उष्माघात आणि 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ यांनी त्यांना नेलं. मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकमधली, मोहीम सुरू झाल्यावर तिथले जखमी आणि आजारी जहाजं भरभरून मुंबईला उतरू लागले. नुकतीच बांधून झालेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत, आजचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्या काळात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली. ज्यांना वाचवता आलं नाही, त्यांतले ख्रिस्ती सैनिक शिवडीला गेले.

खडकीच्या नावांत ॲमी ओग्रेडी आणि कॅथलीन पॉवर या ऑस्ट्रेलियन सैन्याच्या दोन परिचारिका आहेत. मुंबईत रुग्णांची सेवा करताना दोघींना पटकी झाली आणि ऑगस्ट 1916 मध्ये दोघीही गेल्या. त्यांना शिवडीला पुरलं होतं. खडकीला जाणाऱ्याने ही दोन नावं जरूर शोधावीत. सैनिकांच्या शेकडो नावांमध्ये ती सहज नजरेतून सुटतात.

आता मूळ थडग्याचा शोध कसा लागतो ते पाहा. डेव्हनमधल्या एखाद्या घरात पणजोबांच्या भावाचा फोटो आहे. आयोगाच्या नोंदीत स्मारक म्हणून खडकीचं नाव मिळतं, स्मारकाची कितवी बाजू हेही मिळतं, आणि कित्येकदा मूळ दफनभूमीचं नाव पुरवणी माहितीत लिहिलेलं असतं. तिथे नसलं तर पाद्र्यांच्या दफन नोंदी कामी येतात. प्रत्येक छावणीतला लष्करी पाद्री लग्न, बाप्तिस्मा आणि दफन यांची नोंद ठेवी, आणि तिची नक्कल इलाख्याच्या मुख्य ठिकाणामार्फत लंडनला जाई. मुंबई इलाख्याच्या या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात, ‘एन/3’ या मालिकेत आहेत. नाव, हुद्दा, वय, मृत्यूचं कारण, मृत्यूची आणि दफनाची तारीख, पुरल्याचं गाव, पाद्र्याची सही. एका ओळीत सगळं. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूम्या जपणारी एक संस्था 1976 पासून इंग्लंडमध्ये आहे. तिच्या सभासदांनी जुन्या छावण्यांतून हिंडून थडग्यांवरचे लेख उतरवून घेतले आहेत. एवढं हाती आलं की नाव खडकीत असलेला माणूस देवळालीत सापडू शकतो. दगड कोसळलेला असेल, गवत माजलेलं असेल, पण जागा कळते.

हे सारं तळेऱ्याच्या माणसाने का वाचावं? मुंबई-गोवा महामार्गावरचं आपलं हे गाव म्हणजे नाका. एक रस्ता विजयदुर्गच्या बंदराकडे उतरतो, दुसरा वैभववाडीवरून घाट चढून गगनबावड्याला आणि पुढे कोल्हापूरला जातो. या पट्ट्यातून, मालवण-देवगडपासून सावंतवाडीपर्यंत, घरटी माणसं पलटणीत गेली. मराठा पलटणींसाठी रत्नागिरी जिल्हा आणि सावंतवाडी संस्थान हा भरतीचा हक्काचा मुलूख होता. सावंतवाडीचे बापूसाहेब महाराज स्वतः पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात होते. 103वी, 110वी आणि 117वी मराठा पलटण जनरल टाउनसेंडच्या पुणे डिव्हिजनमध्ये होती. ती मेसोपोटेमियातल्या कुतला तुर्कांच्या वेढ्यात अडकली. 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. घोडे खाऊन दिवस काढले, आणि अखेर सुमारे 13,000 माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत जे मेले, त्यांतल्या कित्येकांचा पुढे पत्ताच नाही.

मेसोपोटेमियात मेलेल्या, पण थडगं माहीत नसलेल्या 40,000 हून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला आहे. ते 1929 मध्ये शत-अल-अरबच्या काठी, माकिलला उभं राहिलं. 1997 मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर 32 किलोमीटर आत नेलं. त्याच्या भिंतीवर इंग्रज शिपायाचं नाव आहे. साध्या हिंदी शिपायाचं नाव मात्र भिंतीवर नाही. पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा आहे, इतके मेले म्हणून. मेसोपोटेमियातल्याच अमाराला, नदीच्या डाव्या काठावर, हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. तिथे सुमारे 5,000 जण आहेत आणि ओळख पटलेले जेमतेम 9. खडकीत एका पाद्र्याच्या वहीवरून डेव्हनच्या पोराचं थडगं शोधता येतं. बसऱ्यात आमच्या माणसाचं नाव दगडावर कोरायचंही कोणाला सुचलं नाही. हा अन्याय आहे, आणि तो तसाच म्हणायला हवा. आयोगाच्याच समितीने 2021 मध्ये हे लेखी मान्य केलं: निदान 1,16,000 जणांची, कदाचित त्याहून खूप अधिकांची, नावाने आठवण ठेवली गेलीच नाही. त्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटात त्याबद्दल माफी मागितली.

आमच्या बहुतेक माणसांच्या बाबतीत थडगं शोधण्यापेक्षा अग्नी कुठे दिला ते शोधावं लागतं. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर 53 हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला गेला. त्या जागी छत्री उभी राहिली, 1921 मध्ये तिचं अनावरण झालं, पण त्यांची नावं तिथल्या दगडावर यायला 2010 उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात ही चूक बरीच सुधारली. एरिट्रियातल्या केरेनला, इटलीत सांग्रो नदीकाठी आणि फोर्लीला अग्निसंस्कार झालेल्या सैनिकांची स्वतंत्र स्मारकं आहेत, आणि त्यांवर नावं आहेत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची समाधी कुठे हे ठाऊक नसल्याने त्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. 2023 मध्ये माँतोने या तिथल्या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं.

आपल्या किनाऱ्यावरून बोटीवर गेलेल्या खलाशांचंही असंच. पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या 2,000 हून अधिक खलाशांचं स्मारक मुंबईत मस्जिद बंदरला, खलाशांच्या वसतिगृहात आहे. मुंबईत नोकरीला असलेल्या किती कोकणी माणसांनी ते पाहिलं असेल?

बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावं आयोगाच्या वहीत मात्र आहेत, आणि ती आता संगणकावर कोणालाही शोधता येतात. शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला, म्हणून तेव्हाच्या माणसाचा जिल्हा ‘रत्नागिरी’ किंवा ‘सावंतवाडी’ असाच लिहिलेला असेल. आणि इंग्रज कारकुनाने आडनाव कानावर पडेल तसं लिहिलं आहे. एकच सावंत तीन-चार तऱ्हांनी लिहिलेला सापडेल. वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं असेल तर खात्री पटते. नसेल तर पलटणीतला नंबर हवा.

तो नंबर कित्येक घरांत आहे. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या युद्धपदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. देव्हाऱ्यामागच्या फडताळात, ट्रंकेच्या तळाशी, पेन्शनच्या कागदांबरोबर असं पदक असेल तर ते घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं पुसट होतात. उजेडात धरून कड वाचा, फोटो काढा आणि तो नंबर घेऊन ओरोसच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात किंवा बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला विचारा. घरात नव्वदीचं कोणी असेल, तर आधी त्यांना विचारा. पलटणीत कोण गेलं होतं आणि कोण परत आलं नाही, हे त्यांच्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही, आणि ते आजच लिहून घ्यायला हवं.