वळवाच्या वाऱ्यात सोलर उलटतो कसा? प्लेटांच्या वजनावर जाऊ नका, खड्डा मोजा

पाटोदा : वळवाचा वारा सुटला की गावच्या ग्रुपवर फोटो सुरू होतात. कुणाचे पत्रे उडाले, कुणाचा सोलर उलटा पडला. खाली एक कमेंट ठरलेली, "एवढं वजनदार सोलर उडलंच कसं?" मागच्या उन्हाळ्यात माझ्याच रानात सांगाड्याचा मागचा पाय वीतभर वर आला, तेव्हा मीही हेच म्हणालो होतो.

आता हिशोब बघा. एका मोठ्या प्लेटचं वजन 28 किलोच्या आसपास आणि क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर. ताशी 60 किलोमीटरचा वारा समोरून भिडला तर एका चौरस मीटरवर साधारण 17 किलोचा जोर देतो. म्हणजे एका प्लेटवर 42-43 किलो, तिच्या वजनापेक्षा जास्तच. वारा दुप्पट झाला की जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी 120 ला एका प्लेटवर 170 किलो. तीन एचपीच्या सहा प्लेटा धरल्या तर एक टन! प्लेटच्या तिरपेपणाप्रमाणे यात कमी-जास्त होतं, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.

हा जोर नुसता ढकलत नाही, उचलतो. मोटारसायकलवर मागं बसून पत्रा आणलाय का कधी? पुढची कड जरा वर झाली की पत्रा हातातून वर ओढ घेतो. खालून हवा दाबते, वरच्या बाजूला दाब कमी होतो. आपल्या प्लेटांचं तोंड दक्षिणेला, मागची उत्तरेकडची बाजू उंच. दक्षिणेचा वारा प्लेटा खाली दाबतो, त्याची फार भीती नाही. उत्तरेचा वारा मात्र प्लेटांखाली शिरतो आणि आधी मागचे पाय उपसतो.

आपल्या बालाघाटच्या माळावरच्या पवनचक्क्या याच जोरावर चालतात. पातं वाऱ्याला जरा तिरपं धरलेलं असतं, म्हणून ते फिरतं. वादळ आलं की पाती वळून वाऱ्याला नुसती धार दाखवतात आणि चक्की थांबते. तुमच्या सांगाड्याला कोन बदलायची सोय असेल तर आभाळ भरून येताच प्लेटा आडव्या करून पक्क्या लॉक करा. वारा सुटल्यावर मात्र जवळ जाऊ नका, विजेचं काय सांगावं.

खरा खेळ पायाचा आहे. केंद्राच्या निकषात सांगाड्यानं ताशी 150 किलोमीटरचा वारा सोसला पाहिजे असं आहे. पण कागद वारा अडवत नाही. दीड बाय दीड फूट आणि तीन फूट खोल खड्ड्यातलं काँक्रीट साडेचारशे किलो भरतं. खड्डा दीड फुटावरच थांबवला तर सव्वादोनशे. चार पायांचे मिळून नऊशे, आणि उपसायचा ताण तर मुख्यतः मागच्या दोघांवर.

काळ्या रानात आणखी एक भानगड आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, माती काँक्रीटपासून सुटते आणि नेमका त्याच वेळी वळवाचा वारा येतो. मुरमाड रान त्या मानानं घट्ट धरतं.

माझ्या रानात खड्डे घेतले त्या दिवशी मी लग्नाला गेलो होतो. नंतर उकरून पाहिलं तर खड्डा जेमतेम दीड फूट! आठ दिवस पाणी बंद राहिलं, अर्धा एकर कोथिंबीर वाळली. मग उभं राहून मागचे दोन्ही पाय तीन फूट खोल भरून घेतले.

ज्यांचा पंप अजून बसायचा आहे त्यांनी काँक्रीट पडायच्या आधी खड्ड्यात टेप धरून फोटो काढावा. ज्यांचा बसलाय त्यांनी मार्च संपायच्या आत पायाजवळच्या भेगा माती घालून ठोकून घ्याव्यात, प्लेटांच्या क्लॅम्पचे नट पान्यानं आवळावेत. एक क्लॅम्प ढिला असला की प्लेट फडफडते आणि शेजारच्या प्लेटचाही सैल करते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत विम्यासह पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. नुकसान झालंच तर आधी फोटो काढून तक्रार नोंदवा, तक्रार नंबर लिहून ठेवा, मगच प्लेटा हलवा.