घरच्या पडद्यामागचे निःशब्द यंत्र

इंदूरचे आकाशवाणी केंद्र २२ मे १९५५ रोजी सुरू झाले. त्या काळी ज्या घरी रेडिओ असे त्या घरी त्याला मानाची जागा असे. व्हॉल्व्हचा तो संच चांगलाच तापे. परंतु त्याच्या पोटात पंखा नव्हता. पाठीमागच्या पुठ्ठ्याला भोके पाडलेली असत. तापलेली हवा हलकी होऊन वरच्या भोकांतून बाहेर पडे, खालच्या भोकांतून थंड हवा आत येई, आणि हे सारे निमूटपणे चाले. आज रेडिओच्या जागी मोठा पडदा आला आहे आणि त्या पडद्यामागे बऱ्याच घरांतून एक संगणक बसविलेला असतो. चित्रपट, गाणी, लग्नामुंजीची छायाचित्रे, वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या जुन्या फिती असा सारा संग्रह त्याच्या स्वाधीन केलेला असतो. गुणांनी तो रेडिओहून कितीतरी मोठा खरा; पण एक अवगुण तो बरोबर घेऊन येतो. तो घरघरतो.

ही घरघर क्षुल्लक वाटेल. पण जुन्या इंदुरातील घरांची बांधणी लक्षात घेतली म्हणजे ती तशी राहत नाही. कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या आश्रयाने वाढलेली ही मूळ वस्ती. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून. एकाच खोलीत संध्याकाळी पडदा उजळतो, त्याच खोलीत रात्री आजींचे अंथरूण पडते आणि तिच्याच एका कोपऱ्यात परीक्षेचा विद्यार्थी पुस्तक उघडून बसतो. अशा ठिकाणी रात्रभर जागे राहणारे यंत्र आवाज करू लागले, तर ते घरातील कोणाची तरी झोप किंवा कोणाचा तरी अभ्यास घेऊन जाते.

दुसरे कारण संगीताचे. उस्ताद अमीर खाँ यांचे बालपण याच शहरात गेले आणि त्यांच्या गायकीला इंदूर घराणे हे नाव मिळाले. झुमऱ्यातील त्यांच्या अतिविलंबित ख्यालात दोन स्वरांमधला अवकाश हाही गाण्याचाच भाग असतो. तेथे यंत्राची घरघर मिसळली, तर मिंडीचे विरत जाणारे टोक ऐकूच येत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो, हा श्रवणाचा साधा नियम आहे. ध्वनी वाढवावा, तर शेजारच्या घरी त्रास. ज्यांचे कान वयोमानाने मंद झाले आहेत, त्यांच्या वाट्याला तर या गोंधळात संवादातील निम्मे शब्दही येत नाहीत.

आवाज डेसिबल या परिमाणात मोजतात. रात्रीच्या शांत खोलीत साधारणपणे ३० डेसिबल असतात, सहज संभाषणात ६०. या मापाची गंमत अशी की, १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होते आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो. याचा व्यवहारातील अर्थ असा : एकसारखे दोन पंखे असतील आणि त्यांपैकी एक काढून टाकला, तर फक्त ३ डेसिबल कमी होतात, कानाला फरक जेमतेम कळतो. म्हणून सर्वांत मोठा आवाज करणारा भाग प्रथम शोधावा आणि त्याच्यावरच पहिला उपाय करावा. लहान आवाजांच्या मागे लागून मोठा तसाच ठेवणे हा व्यर्थ खर्च होय.

संगणकात आवाज होतो तो मुख्यतः उष्णतेमुळे. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सर्व अखेरीस उष्णता होऊन बाहेर पडते. ६५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या जागेत पेटलेला ६५ वॅटचा दिवाच. ती उष्णता हाकलण्यासाठी पंखा, आणि पंख्यामुळे आवाज. यावरून उघड होते की, शांततेची खरी सुरुवात पंख्यापाशी नसून विजेच्या खर्चापाशी आहे. जी उष्णता निर्माणच झाली नाही, ती बाहेर काढावी लागत नाही.

येथे इंदूरच्या हवेचा हिशेब मांडून पाहावा. पंख्याशिवाय, केवळ धातूच्या पाकळ्यांनी उष्णता सोडणारी एखादी पेटी प्रत्येक वॅटमागे १ अंशाने तापते असे धरू. जानेवारीच्या रात्री खोलीत १८ अंश असतील, तर ६५ वॅटचा प्रोसेसर ८३ अंशांवर जाईल, काम भागेल. पण मे महिन्याच्या दुपारी खोलीत ३८ अंश असता तोच १०३ अंशांवर जाऊ पाहील. सुमारे १०० अंश ही अशा प्रोसेसरांची सामान्य मर्यादा. ती गाठली की तो आपला वेग आपणच कमी करतो आणि पडद्यावरचे चित्र अडखळू लागते. त्याच पेटीत ३५ वॅटचा प्रोसेसर बसविला, तर भर उन्हाळ्यातही तापमान ७३ अंशांवर राहील. थंड देशांतील माणसाने लिहिलेली कृती माळव्यात जशीच्या तशी उतरविली, तर ती मे महिन्यात फसते, त्याचे कारण हेच.

चित्रपट दाखविण्यास फार बलवान प्रोसेसर लागतो हा समज आता जुना झाला आहे. दाबून लहान केलेले चित्र पुन्हा उलगडण्याचे काम करणारे स्वतंत्र मंडल आजच्या चिपांतच कोरलेले असते, आणि हे एकच काम ते अतिशय थोड्या विजेत करते. इंटेलने २०२३ च्या आरंभी आणलेला एन-१०० हा प्रोसेसर अवघ्या ६ वॅटांसाठी आखलेला आहे. तरीही एच-२६५ आणि एव्ही-१ या पद्धतींची चित्रे तो सहज उलगडतो. केवळ पाहणे आणि ऐकणे एवढाच हेतू असेल, तर याच जातीची चिप घ्यावी. खेळ खेळणे किंवा चित्रफितींचे संपादन करणे हे काम दुसऱ्या यंत्राकडे असू द्यावे.

अधिक शक्ती हवीच असेल, तर उष्णता वाहून नेण्याची तजवीज करावी लागते. त्यासाठी तांब्याची उष्णतानलिका वापरतात. अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ती सिद्ध केली. तिचे मर्म माठ वापरणाऱ्याला सांगावयास नकोच. माठातून झिरपलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून पाणी गार राहते. नलिकेतही थोडेसे पाणी असते. पण आतील हवा काढून टाकल्यामुळे ते कमी तापमानावरच उकळते. प्रोसेसरजवळच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाकडे धावते, तेथे पाकळ्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते आणि आतील सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, मूळ जागी परतते. या साऱ्या येरझारांत हलणारा यांत्रिक भाग एकही नाही. म्हणून आवाजही नाही.

पंखा टाळता येत नसेल, तर तो मोठा आणि संथ असावा. ८० मिलिमीटर व्यासाच्या पंख्यापेक्षा त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा त्याच वेगात तिपटीहून अधिक हवा हलवितो. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी त्याला एक-तृतीयांश वेगही पुरतो. आणि वेग निम्मा केला, तर पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलांनी उतरतो. लहान पंखा कर्कश किणकिणतो. मोठा संथ पंखा झुळुकीसारखा वाहतो. तो पेटीला थेट स्क्रूने न आवळता रबरी खुंट्यांवर बसविला, तर त्याची थरथर पत्र्यात उतरत नाही आणि पत्रा ढोलासारखा बोलत नाही.

दुसरा आवाज हार्ड डिस्कचा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. तिची गुणगुण १२० कंपनांच्या आसपास ऐकू येते. पेटीच्या पांढरी एकचा षड्ज सुमारे १३१ कंपनांचा. म्हणजे पांढरी एकमध्ये गाणाऱ्याच्या षड्जाच्या अगदी खाली, ना सुरात ना सुरापासून पुरेसा दूर, असा एक बेसूर स्वर मैफिलभर चालू राहतो. दोहोंच्या घर्षणाने सेकंदाला दहा-अकरा ठोके पडतात. स्मृतिचिपांच्या बनलेल्या एसएसडीत फिरणारे काही नसल्याने ती पूर्ण मुकी असते. यास्तव यंत्राच्या पोटात एसएसडीच असावी आणि मोठा संग्रह हार्ड डिस्कवर ठेवावयाचा असेल, तर ती दुसऱ्या खोलीत ठेवून तारेने जोडावी. दुर्मिळ ध्वनिफितींची एक प्रत मात्र वेगळ्या डिस्कवर अवश्य असावी. दीर्घकाळ विजेवाचून पडून राहिलेली एसएसडी आपली आठवण गमावू शकते आणि बंद पडलेली डिस्क आजोबांचा आवाज परत देत नाही.

तिसरी बाब विजेची. कमी शक्तीच्या यंत्राला लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर पुरतो. त्यात पंखा नसतो आणि त्याची उष्णताही पेटीबाहेर राहते. पण जुन्या घरांत अर्थिंग धड नसेल, तर ध्वनिवर्धकातून ५० किंवा १०० कंपनांचा एक हुंकार येऊ लागतो. त्याचा दोष संगणकाला लावून पुष्कळजण भाग बदलीत बसतात. अशा वेळी प्रथम जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि पडदा, संगणक व ध्वनिवर्धक एकाच बोर्डावरून चालवावेत. हुंकार घालविण्यासाठी अर्थिंगची तार तोडणे हा उपाय प्राणावर बेतणारा आहे; तो कदापि करू नये.

यंत्र कोठे ठेवावे, हाही विचार महत्त्वाचा. जाड भिंतीतला कोनाडा पाहताच तेथे पेटी सरकविण्याचा मोह होतो. परंतु कोनाडा तीन बाजूंनी आणि वरूनही बंद. गरम हवा तेथेच साचते. त्यावर काचेचे दार बसविले, तर कोनाड्याचा तंदूर होतो. पेटी मोकळ्या फळीवर, मागे व वर वीतभर जागा सोडून ठेवावी. कूलरच्या झोतात ती मुळीच नसावी. ती हवा थंड असली तरी ओलसर असते आणि ओलावा व धूळ मिळून पाकळ्यांवर चिखलासारखा थर बसतो. उन्हाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा मऊ ब्रशाने धूळ काढली, तर पुष्कळ रोग टळतात. या काळजीचे फळ केवळ शांतता नव्हे. विद्युत्‌मंडलातील काही धारित्रांचे आयुष्य प्रत्येक १० अंश वाढीमागे सुमारे निम्मे होते. थंड राहिलेले यंत्र दीर्घायुषी होते.

भाग जुळविताना क्रम असा ठेवावा : प्रथम काम ठरवावे, मग प्रोसेसर, मग त्याच्या उष्णतेला साजेशी पेटी, आणि शेवटी बाकीचे. सुबक पेटी आधी आणून तिच्यात तापट प्रोसेसर कोंबणे हा उलटा मार्ग आहे. चित्रपट व गाणी लावण्यासाठी ‘कोडी’सारखे विनामूल्य साधन पुरेसे होते, २००२ साली एका खेळयंत्रासाठी निघालेला हा कार्यक्रम २०१४ पासून या नावाने ओळखला जातो. सर्व जुळल्यावर यंत्राची खरी परीक्षा मे महिन्याच्या दुपारी घ्यावी. दोन तासांचा चित्रपट लावून तापमान पाहावे. ते ८० अंशांच्या आत स्थिर राहिले, तर वर्षभराची चिंता मिटली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. भर उन्हाळ्यात छताचा पंखा आणि कूलर चालू असता संगणक शांत आहे की नाही, हे कोणालाही कळणार नाही. परंतु माळव्याच्या रात्री प्रसिद्ध आहेत त्या त्यांच्या गारव्यासाठी. पावसाळा सरला, कूलर झाकून ठेवला, गल्लीतली वर्दळ निवाली, की खोलीत खरी शांतता उतरते. त्या वेळी पडद्यामागचे यंत्र गप्प राहील, तर तानपुऱ्याचा खर्ज खालपर्यंत ऐकू येईल, मंद श्रवणाच्या आजोबांना नाटकातला संवाद कळेल आणि पलीकडे झोपलेल्या मुलाची झोपही मोडणार नाही. चांगल्या वादकाच्या मागे तानपुरा धरून बसणारा साथीदार स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाही. घरच्या यंत्राकडूनही एवढीच अपेक्षा आहे.