मोहरी, बोर आणि तापीचे पाणी

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते. खाली हतनूर धरणाने अडवलेले पाणी या संगमापर्यंत मागे पसरते. पावसाळ्यात दोन्ही नद्या गाळाने गढूळ असतात. पुढे प्रवाह मंदावला, गाळ बसला आणि ऊन पाण्यात खोलवर उतरू लागले की डोळ्यांना न दिसणाऱ्या शैवालांना वाढायला वाव मिळतो. भुसावळ परिसर आणि दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र याच पाण्यावर चालतात, म्हणून या शैवालांची मोजदाद महत्त्वाची आहे. तिची रूढ रीत सोपी आहे. नमुन्यात आयोडीनचे द्रावण घालायचे, त्यातले एक मिलिलिटर पाणी काचेच्या खाचेत घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या आणि ‘दर मिलिलिटरला इतक्या पेशी’ असे लिहायचे. पण पेशी केवढ्या होत्या हे सोबत लिहिले नाही, तर हा आकडा अपुरा राहतो आणि कधी कधी चक्क दिशाभूल करतो.

मोहरीचा दाणा साधारण दोन मिलिमीटरचा आणि बोर दोन सेंटिमीटरचे. व्यास दहापट, पण एका बोराच्या आकारमानात हजार मोहऱ्या बसतात. शैवालांतही दोन आणि वीस मायक्रोमीटर व्यासाच्या गोल पेशींमध्ये नेमके हेच अंतर असते. समजा, नमुन्यात 9,900 बारीक पेशी आणि 100 मोठ्या पेशी आहेत. संख्येत मोठ्यांचा वाटा अवघा एक टक्का, पण आकारमानात 90 टक्क्यांहून अधिक. पाण्यात किती सजीव द्रव्य तयार झाले, ते मेल्यावर कुजताना किती ऑक्सिजन ओढणार, याचा अंदाज या दुसऱ्या आकड्यावरूनच बांधता येतो.

आकाराचा संबंध पेशीच्या जगण्याशीही आहे. पेशी जितकी लहान, तितका तिच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. वरच्या उदाहरणातल्या बारीक पेशीत हे प्रमाण मोठीच्या दहापट असते, म्हणून पोषकद्रव्ये विरळ असताना ती टिकून राहते. मोठी पेशी मात्र लवकर बुडते. घनता सारखीच असेल, तर व्यास दहापट होताच संथ पाण्यात बुडण्याचा वेग शंभरपट होतो. त्यामुळे मोठ्या, वजनदार कवचाच्या डायटम शैवालांना तरंगत राहायला घुसळते पाणी लागते. धरणाच्या स्थिर पाण्यात ते तळाशी जातात. शिवाय कोण कोणाचे भक्ष्य होणार हेही आकारावरच ठरते. रोटिफरसारखे सूक्ष्म प्राणी बारीक पेशी गिळतात, पेशी चिकटून झालेल्या मोठ्या वसाहती त्यांच्या तोंडात मावत नाहीत.

आकार नोंदवण्यावर पहिला आक्षेप मेहनतीचा: प्रत्येक पेशीचा आकार मोजत बसायला वेळ कुणाला? पण तशी गरजही नाही. प्रत्येक जातीच्या वीस-पंचवीस पेशींची लांबी-रुंदी घ्यायची, गोल, दंडगोल यांसारख्या जवळच्या आकृतीचे सूत्र लावायचे आणि सरासरीला संख्येने गुणायचे. दुसरा आक्षेप असा, की हरितद्रव्य मोजले की काम भागते. ते झटपट होते हे खरे, पण पेशीतले हरितद्रव्य प्रकाशानुसार कमी-जास्त होते आणि ते कोणत्या शैवालाचे, हे त्या आकड्यातून समजत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. डायटमच्या पोटात मोठी रसधानी असते, त्यामुळे आकारमान म्हणजे थेट कार्बन नव्हे. मायक्रोसिस्टिस या नीलहरित शैवालाची एकेक पेशी काही मायक्रोमीटरचीच असते, पण शेकडो पेशी चिकटून झालेली वसाहत डोळ्यांनाही दिसू शकते. वायूच्या पोकळ्यांमुळे ती वर येते आणि तवंग धरते. हे मान्यच करायला हवे. पण त्यातून निघते ते इतकेच, की डायटमसाठी वेगळे गुणोत्तर वापरावे आणि पेशीसोबत वसाहतीचाही आकार नोंदवावा. म्हणजे मोजमाप आणखी काटेकोर हवे, ते टाळून चालणार नाही.

मायक्रोसिस्टिसचे काही प्रकार यकृताला घातक विष तयार करतात. तवंग दिसेपर्यंत थांबलो तर इशारा उशिरा मिळतो. वसाहती मोठ्या होत चालल्याची नोंद तो आधी देऊ शकते. म्हणून संगमापासून हतनूरपर्यंतच्या पाण्याच्या नोंदवहीत संख्येशेजारी आकाराचा एक रकाना हवा. सूक्ष्मदर्शक तोच, नमुना तोच. लागते ती फक्त डोळ्यापुढच्या नळीत बसवलेली एक बारीक मोजपट्टी आणि ‘किती’बरोबर ‘केवढे’ विचारण्याची शिस्त.